तेविसावं कलम

या, असे जवळ या. तिकडे भिंतीला टेकून बसलेले, तुम्हीही पुढे सरका. गोष्ट हळू आवाजातली आहे. राजाची नाही, राणीची नाही. दोन बोटं रुंद कागदाच्या एका चिठ्ठीची आहे, आणि ती चिकटवताना एका भल्या माणसाचा हात कसा चुकला त्याची आहे. हसू आलं तर मोकळं हसा, देवाला हसणारी माणसं आवडतात. शेवटी मी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे. फुकटातलं आहे, घाबरू नका.

तर एक आबा होते. त्यांचा उभा जन्म सरकारी छापखान्यात गेला. देशात जो कायदा व्हायचा, जो नियम निघायचा, तो छापून बाहेर पडण्याआधी वाचायचा आणि चुका काढायच्या, हे त्यांचं काम. हे काम एकट्यानं होत नाही. टेबलाच्या अलीकडे आबा, हातात छापलेला कच्चा कागद. पलीकडे एक बाई, तिच्यापुढे खात्याकडून आलेली मूळ प्रत. आबांनी मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट. बाईनं प्रतीवर बोट ठेवून ताडून बघायचं. तिला सगळा छापखाना प्रतवाली म्हणायचा.

कधी नियम मोठ्यानं वाचून बघितलाय? दहाव्या ओळीला पापण्या जड होतात. आबांनी त्यावर तोड काढली. त्यांना गाऊन सांगितलेल्या निरूपणाचं भारी वेड. संध्याकाळी कुठे कुणी देवाची गोष्ट गाऊन सांगणार असं कळलं की आबा पहिल्या रांगेत, मांडीवर बोटांनी ताल धरून. त्याच चालीवर ते नियम म्हणायला लागले. "दुकानाच्याऽ दर्शनी भागीऽ, स्वल्पविराम, मालकाचे नाव असाऽवे, पूर्णविराम!" शेजारच्या खोलीत छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे तालावर मान हलवायचे. गंमत अशी, की गायलेलं विसरत नाही. देशाचे निम्मे नियम आबांना तोंडपाठ झाले. सवय अशी जडली की घरीही म्हणायचे, "मी बाहेर जाऊन येतो, पूर्णविराम." गल्लीनं त्यांचं नावच पूर्णविराम पाडलं.

निवृत्त झाले तेव्हा छापखान्यानं त्यांना लाकडी पाटी दिली, पितळी अक्षरांची: 'छत्तीस वर्षे. निर्दोष वाचन.' पुढच्या खोलीत दारासमोरच ती टांगलेली होती. आबा रोज सकाळी रुमालानं ती पुसायचे आणि मगच चष्मा पुसायचे.

घरात आबा आणि सून. मुलगा पुलांच्या कामावर, दोन-दोन महिने बाहेरगावी. सून पूर्वी सूतगिरणीत होती, तिथल्या बायकांची ओढाताण तिला माहीत. पोर कुणाकडे टाकायचं? शेजारणीकडे, म्हाताऱ्या सासूकडे, नाहीतर कुलूप लावून देवावर हवाला. तिनं ठरवलं, खालच्या खोलीत पाळणाघर काढायचं. खालची खोली आबांची. तिनं विचारायच्या आधीच आबांनी जुन्या राजपत्रांचे गठ्ठे जिन्याखाली हलवले आणि खाट वर नेली.

"बाबा, तुमचे गुडघे... जिना चढवेल का?"

"चढताना एकेका पायरीला एकेक कलम म्हणेन. सतरा पायऱ्या, सतरा कलमं. पूर्णविराम."

अकरा आयांनी नावं दिली. एक तारखेपासून गिरणीची नवी पाळी सुरू होणार, त्याच दिवशी पाळणाघर उघडायचं. सुनेनं भिंती पिवळ्या रंगवल्या, मुलांच्या उंचीला अकरा खुंट्या ठोकल्या. मुलांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक खुंटीवर एक चित्र काढलं: मासा, छत्री, किटली, बदक. ज्याचं चित्र त्याची खुंटी. एवढं सगळं झालं, आता फक्त परवाना उरला.

परवान्यासाठी तपासनीस आला. शिडशिडीत, नाकासमोर चालणारा माणूस. दारात बूट काढले, हातात टेप, काखेत पाळणाघरांच्या नियमांचं पुस्तक. एकूण एकेचाळीस कलमं. खिडकीचे गज मोजले, दाराची कडी खालीवर करून बघितली, खुंट्यांवरचं बदक बघून हसला. बावीस कलमांपुढे बरोबरची खूण झाली.

"कलम तेवीस," तो म्हणाला. "हौद कुठंय?"

"कसला हौद?" सून म्हणाली.

त्यानं वाचून दाखवलं. "पाण्याचा दगडी हौद असावा, मांडीइतक्या उंचीचा, सदैव काठोकाठ भरलेला. शेजारी भिंतीत लोखंडी कडी असावी, जोराने ओढली असता न निघणारी."

"अहो भाऊ, एवढ्याएवढ्या पोरांच्या खोलीत काठोकाठ पाणी? आणि तुमचं ते नववं कलम? मुलांच्या हाताला लागेल असं उघडं पाणी नसावं म्हणतं ना ते?"

"म्हणतं ना. हौद नसला तर तेविसात नापास. असला तर नवात नापास."

"मग बाकीची पाळणाघरं कशी चालतात?"

"त्यांनी हौद बांधले आणि माती भरून फुलझाडं लावली. माझ्या आधीचे साहेब सोडून द्यायचे. म्हणायचे, फुलंही पाणीच पितात. मला नाही जमत, ताई. दिवसा डोळेझाक केली की रात्री डोळा लागत नाही."

"आणि कडी कशाला?"

"कडीचं कुणालाच माहीत नाही. काही जण त्यात टॉवेल वाळवतात." तो कसनुसा झाला. "मी नियम केला नाही हो. माझ्या हातात फक्त टेप आहे. पुढच्या आठवड्यात नियम कमी करायची समिती येतेय, तिच्यापुढे मांडा."

आबा जिन्याच्या पाचव्या पायरीवर होते. 'जोराने ओढली असता' कानावर पडलं आणि त्यांच्या मनात चाल आपोआप सुरू झाली. चालीच्या मधोमध एक बाईमाणसाचा आवाज आला, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा: "हे इथं कशाला?"

आबा तिथंच पायरीवर बसले.

त्याचं असं झालं होतं. त्या काळी खात्याकडून नियमांची प्रत आली की तिच्यात ऐन वेळी बदललेली कलमं चिठ्ठ्यांवर लिहून डिंकानं चिकटवलेली असायची. एका गठ्ठ्यात सात-आठ प्रकरणं. तो गठ्ठा उघडताना दोन चिठ्ठ्या सुटून फरशीवर पडल्या. दोन्हींवर आकडा तेवीस. दोन प्रकरणांत तेविसाची जागा मोकळी. आबांनी डिंकाची बाटली घेतली आणि एक इकडे, एक तिकडे लावून टाकली. आठवड्यानं छापलेला कागद वाचायला बसले. हौद आणि कडी आली तशी प्रतवालीचं बोट थांबलं.

"प्रतीत असंच आहे," ती म्हणाली. "पण हे इथं कशाला?"

"कायद्यात असंच असतं, बाई. आपण जुळवायचं, विचारायचं नाही."

"मुलांच्या खोलीत कडी? कुणाला बांधायचंय?" तिनं समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. प्रश्नचिन्ह काढलं की कागद खात्याकडे परत जाणार, तिथून उलट उत्तर येईपर्यंत टेबल सोडता येणार नाही. आणि त्या संध्याकाळी एक मोठा गवई खऱ्या-खोट्यावर निरूपण गाणार होता. आबांना पहिली रांग हवी होती. प्रतवाली पाणी प्यायला उठली, आणि आबांनी रबर घेऊन प्रश्नचिन्ह खोडलं. मग सत्याची महती ऐकायला गेले, आणि ऐकताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं!

देवाचा विनोद हा असा असतो. लगेच हसू येत नाही.

पुढचे आठ दिवस आबांनी पाटी पुसली नाही. सुनेच्या ते लक्षात आलं, पण तिला वाटलं गुडघे दुखत असतील.

"बाबा, समितीपुढे तुम्हीच बोला. तुम्हाला सगळं पाठ. हा मूर्ख नियम ज्यानं केला त्याला हाताला धरून बसवा म्हणावं त्या हौदात!"

"हं," आबा म्हणाले. पूर्णविरामही म्हणाले नाहीत.

समिती नगरगृहात बसली. लांब टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा जग. अध्यक्षांना सर्दी झालेली, एका हातात रुमाल, एका हातात लाल पेन्सिल. वरून हुकूम होता: देशात नियम फार झालेत, तीनातला एक गेला पाहिजे. सभागृह खच्चून भरलेलं, कारण ज्याच्या-त्याच्या पायात एक नियम अडकलेला.

न्हावी उठला. "साहेब, आरसा किती उंच, खुर्ची किती रुंद, टॉवेल कुठल्या रंगाचा. माझ्याकडे गिऱ्हाइकं कमी आणि कलमं जास्त. सगळं एकदम जाळा!"

मागून दवाखान्यातल्या एक परिचारिकाबाई ओरडल्या, "वस्तरा उकळायचा नियमही जाळायचा का रे?"

न्हाव्यानं जरा विचार केला. "तो राहू द्या. बाकीचं जाळा."

असं चाललं होतं. मग सुनेची पाळी आली. तिनं हौद सांगितला, कडी सांगितली, नऊ आणि तेवीस यांचं भांडण सांगितलं. सभागृह पोट धरून हसलं. तपासनीस उभा राहून म्हणाला, "ताई खरं बोलतायत." अध्यक्ष शिंकले. शेजारच्या सदस्यानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"एकेक कलम कशाला चिवडायचं?" ते म्हणाले. "हे प्रकरणच वेडगळ दिसतंय. अख्खं रद्द करू. एकाच फटक्यात एकेचाळीस कमी!"

टाळ्या पडल्या. सुनेनं वळून आबांकडे बघितलं, तिचे डोळे चमकत होते. परवाना नको, हौद नको, एक तारीख मोकळी. लाल पेन्सिल कागदावर टेकली.

आबांनी फक्त गप्प बसायचं होतं. पाळणाघर उघडलं असतं, पाटी भिंतीवर राहिली असती, आणि ती चिठ्ठी कोणी चिकटवली हे एका देवाशिवाय कुणाला कळलं नसतं. पण देवालाच ठाऊक असणं हीच तर अडचण. शिवाय आबांनी त्या गठ्ठ्यातली पत्रंही वाचलेली होती. चौदावं कलम सांगतं, पाळणाघराचं दार बाहेरच्या बाजूला उघडावं. त्या कलमाला एका बापाचं पत्र जोडलेलं होतं, खोलीला आग लागल्यावर आत उघडणारं दार गर्दीच्या रेट्यानं उघडलंच नाही असं सांगणारं. पत्र चार ओळींचं. ते वाचल्यावर त्या दिवशी ना आबांना पुढे वाचता आलं, ना प्रतवालीला ताडता आलं. दोघांनी कागदावर कोरा कागद ठेवला होता आणि खिडकीबाहेर बघत बसले होते.

आबा उठले. "साहेब, थांबा."

"बाबा, बसा ना!" सून दबक्या आवाजात म्हणाली. "झालंय आपलं काम."

"झालं नाही, पोरी." आणि मग अध्यक्षांना, "साहेब, नियम फार झालेत, खरं आहे. मीच वाचलेत, माझ्याइतका कोण कंटाळला असेल? पण घरात माणसं फार झाली म्हणून आपण घर पेटवत नाही. एकेकाला हाक मारतो. ओ देईल तो घरचा. जो ओ देणार नाही त्याच्याकडे बघू. मी हाका मारतो, ही माझी सून ओ देईल. पाळणाघर तिला चालवायचंय."

अध्यक्ष काही बोलायच्या आत आबांनी गळा साफ केला आणि जुन्या चालीवर सुरुवात केली. "खिडकीचेऽ गज असावेऽत, स्वल्पविराम, मुलाचे डोके न जाईऽल इतके जवळ..."

सून रागानं लाल झाली होती. पण प्रश्न खिडकीचा होता. "राहू द्या," ती पुटपुटली.

"मोठ्यानं!" परिचारिकाबाई म्हणाल्या.

"राहू द्या!"

पितळेची घंटा, वजन अमुक. "काढा." शाईची दौत, दोन रंगांची. "दौत? नियमापुरती आणलीय, पण पोरं पितील ती! काढा." उघडं पाणी. "राहू द्या." आता सभागृहच तिच्या आधी ओ द्यायला लागलं. न्हावी ताल धरून बसला. चौदाव्या कलमाशी आबांनी चाल सोडली. त्यांनी ते न गाता सांगितलं, पत्रासकट. कुणी ओ देण्याआधीच अध्यक्षांनी स्वतः लाल पेन्सिल खाली ठेवली आणि निळीनं बरोबरची खूण केली.

तेवीस आलं. आबा थांबले.

"हे घरचं नाही," ते म्हणाले. "हा मूर्ख नियम कुणी केला, असं माझी सून विचारत होती. कुणी केला नाही. मी चिकटवला. दोन चिठ्ठ्या पडल्या होत्या, दोन्ही तेवीस नंबरच्या. ही जनावरांच्या कुठल्यातरी प्रकरणातली, माझ्या हातानं मुलांत आली. माझ्यासमोर बसणाऱ्या बाईनं विचारलं होतं, हे इथं कशाला. तिनं प्रश्नचिन्ह काढलं, मी ते रबरानं खोडलं. निरूपण ऐकायला उशीर होत होता म्हणून. अठ्ठावीस वर्षं लोक हौद बांधतायत ते माझ्या रबरामुळे." ते सुनेकडे वळले. "घरच्या पाटीवर लिहिलंय ते खोटं आहे, पोरी."

सून खुर्ची मागे सरकवून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांचा हात धरून उभी राहिली.

"पण मग मुलांचं खरं तेवीस कुठं गेलं?" तपासनीस म्हणाला. त्याला राहवलं नाही, आकडा अपुरा राहिला की त्याला घास गिळवत नाही.

"तेच आठवत नाही," आबा म्हणाले.

तेवढ्यात अगदी मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. भाड्याच्या घोडागाड्या चालवणारा तबेलेवाला होता. सकाळपासून हातात कागद चुरगाळत बसला होता.

"साहेब, माझी पाळी यायचीय अजून," तो म्हणाला. "पण आता सांगतोच. तबेल्याचं तेविसावं कलम. प्रत्येकास निजण्यासाठी स्वतंत्र जागा असावी, अंगावर पांघरूण घालावे, आणि डोळा लागेपर्यंत एक जबाबदार माणूस प्रेमाने जवळ बसलेला असावा."

सभागृहात जे हसू फुटलं, ते आवरेना.

"हसू नका!" तबेलेवाला ओरडला आणि स्वतःच हसायला लागला. "नऊ घोडे आहेत माझ्याकडे! अठ्ठावीस वर्षं बसतोय, आधी बाप बसायचा, मग मी. घोडा उभ्यानं झोपतो, साहेब. तो झोपला की नुसताच विचार करतोय हे कळायलाच मला तीन वर्षं लागली!"

अध्यक्षांनी डोळे पुसले, या वेळी सर्दीमुळे नाही. "मग आता अदलाबदल करू. हौद आणि कडी तबेल्याला, माणूस आणि पांघरूण मुलांना. तुमची सुटका झाली."

तबेलेवाल्याचं हसू हळूहळू ओसरलं. त्यानं हातातला कागद परत घडी घातला. "हौद द्या. कडी द्या. पण ते बसायचं... ते काढू नका. ते काढा असंच सांगायला आलो होतो, पण आता नको. घोड्यांना सवय झालीय." मग जरा थांबून, "मलाही."

अध्यक्षांनी विचारलं, "एक नियम दोन ठिकाणी ठेवला तर आमची संख्या वाढते, त्याचं काय?"

"दौत काढली ना," न्हावी म्हणाला. "ती धरा त्यात."

एकेचाळीसातली नऊ कलमं गेली, बत्तीस राहिली. तपासनिसानं तिथंच मांडीवर पुस्तक ठेवून परवान्यावर सही केली, आणि एक तारखेला अकरा मुलं अकरा खुंट्यांना पिशव्या लावून आत आली.

समितीच्या दिवशीच आबांनी घरी येऊन पाटी स्वतः उतरवली होती. सुनेनं दुसऱ्या दिवशी मुलांच्या रांगेच्या टोकाला, जरा उंचावर, बारावी खुंटी ठोकली, आबांच्या टोपीसाठी. हातात ब्रश घेऊन विचारलं, "यावर काय काढू, बाबा? पूर्णविराम?"

"नको," आबा म्हणाले. "प्रश्नचिन्ह काढ."

तेव्हापासून तेविसाव्या कलमातला जबाबदार माणूस म्हणजे आबा. दुपारी मुलं आडवी होतात, सून पांघरुणं घालते, आबा मधोमध स्टुलावर बसून गातात. गाणं दुसरं कुठलं येणार? "दुकानाच्याऽ दर्शनी भागीऽ..." सातव्या कलमापर्यंत एकही डोळा उघडा राहत नाही. कधीकधी आबांचाही.

आता मागायचं राहिलं ते मागतो.

तेविसाव्या कलमातल्या चुकीबद्दल शुद्धिपत्र छापायचं ठरलं तेव्हा आबा जिना उतरून, दोन गल्ल्या चालून छापखान्यात गेले. म्हणाले, खाली एक ओळ घाला: ही चूक प्रथम प्रतवालीने दाखवली होती. बाई तर पाच वर्षांपूर्वीच देवाघरी गेली होती. व्यवस्थापकांनी सगळी पुस्तकं चाळली आणि ओशाळून सांगितलं, आबा, शुद्धिपत्रात तसं लिहायची तरतूदच नाही. एवढे नियम, पण हा नव्हता.

म्हणून तुम्हाला सांगतो. उद्या कुठल्या खिडकीपाशी उभे असाल, कुणी कागद पुढे करून म्हणेल इथं सही, तिथं शिक्का, हे जोडा, ते आणा. तेव्हा चिडू नका, मानही डोलावू नका. हळूच विचारा, "हे इथं कशाला?" आणि विचारताना टेबलापलीकडे बसलेल्या, प्रतीवर बोट ठेवलेल्या त्या बाईची आठवण करा.